सुट्टी कळते कधी?

मुंबईत पावसाची सुट्टी दोन जातींची असते. एक घरात असताना कळते, दुसरी घराबाहेर पडल्यावर. पहिली मिळाली की मुले पांघरूण ओढून पुन्हा झोपतात, आई भरलेला डबा स्वतःच्या पिशवीत टाकते आणि आता मुलाला ठेवायचे कुणाकडे या विवंचनेत पडते. दुसरी मिळते तेव्हा मूल पाठीवर दप्तर आणि अंगावर रेनकोट अशा थाटात रस्त्यावर कुठे तरी असते. आई लोकलमध्ये, बाप ड्युटीवर आणि घराला कुलूप. सरकारी कागदावर दोघींचे नाव एकच: अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी. ती द्यावी की देऊ नये यावर आपण दर जुलैत तावातावाने बोलतो. ती किती वाजता कळते, कुणाला कळते आणि कळेपर्यंत मूल कुठे पोचलेले असते, यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. मला त्याबद्दल बोलायचे आहे.

मी भायखळ्यात राहते आणि आयुष्याची तीसेक वर्षे शाळेत शिकवण्यात घालवली आहेत. आमच्या या भागात शाळांना तोटा नाही. क्लेअर रोडवरच्या ख्राइस्ट चर्च शाळेची परंपरा थेट १८१५ सालापर्यंत मागे जाते. मिशनच्या शाळा आहेत, मुस्लिम संस्थांच्या आहेत, महापालिकेच्या मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी माध्यमांच्या आहेत. कित्येक इमारतींत सकाळी एक पाळी भरते आणि दुपारी दुसरी. मुले येतात ती घोडपदेव, आग्रीपाडा, मदनपुरा, नागपाडा, माझगाव, चिंचपोकळी अशा चालत येण्याजोग्या वस्त्यांतून. बाई आणि सर येतात ते डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलहून. पावसाळ्यातल्या गोंधळाचे अर्धे मूळ या एका गोष्टीत आहे. कुर्ला-शीवला रुळांवर पाणी चढले की मुले शाळेत वेळेवर हजर आणि शिकवणारे ठाण्याच्या फलाटावर! मग मुख्याध्यापक तीन वर्ग एका वर्गात बसवतात आणि सुट्टीच्या आदेशाची चातकासारखी वाट पाहतात.

हा आदेश येतो कसा, ते अलीकडच्या दोन दिवसांवरून पाहू.

८ जुलै २०२४, सोमवार. आदल्या मध्यरात्री एकपासून सकाळी सातपर्यंतच्या सहा तासांत मुंबईत ठिकठिकाणी तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. महापालिकेने सकाळच्या सत्राच्या शाळांना सुट्टी दिली, दुपारच्या सत्राचा निर्णय परिस्थिती पाहून कळवू असे सांगितले आणि पुढे तीही सुट्टी दिली. यात पालिकेला फार दोष देता येत नाही. आभाळ मध्यरात्री फाटले, तेव्हा आदल्या संध्याकाळी निर्णय होणे कठीणच होते. पण सात वाजता भरणाऱ्या शाळेच्या मुलाला सहाला उठवतात, साडेसहाला ते जिन्यावर असते. निर्णय मोबाइलवर पोचतो, लोक तो उघडून वाचतात, एकमेकांना विचारून खातरजमा करतात, या सगळ्याला वेळ लागतो. तो वेळ हिशेबात कुणी धरत नाही.

दुसरा दिवस १८ ऑगस्ट २०२५. हाही सोमवारच. सकाळची शाळा भरली, पावसाचा जोर वाढत गेला आणि दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली. दुपारच्या मुलांचे ठीक झाले; पण सकाळची मुले शाळांत होती आणि ती तुंबलेल्या पाण्यातून घरी निघाली. माटुंग्याला शाळेची एक बस पाण्यात अडकली. पोलिसांनी आतल्या मुलांना उचलून बाहेर काढले, त्या चित्रफिती घराघरांत पाहिल्या गेल्या आणि पोलिसांचे कौतुक झाले. ते योग्यच होते. मला मात्र त्या चित्रफितीत राहून राहून एकच दिसत होते. त्या वेळी त्या मुलांसाठी त्या परिसरातली सर्वांत कोरडी आणि सुरक्षित जागा होती त्यांची शाळा, आणि त्यांना नेमके तिथूनच बाहेर काढलेले होते.

माझा मुद्दा इतकाच आहे. शाळा भरण्याआधीची सुट्टी आणि शाळा भरल्यानंतरची सुट्टी यांना एकाच शब्दाने संबोधणे बंद करावे. पहिलीचा अर्थ ‘मुलांना पाठवू नका’. दुसरीचा अर्थ आज घेतला जातो तो ‘मुलांना सोडा’. तो असायला हवा ‘मुलांना सोडू नका’.

हे पटायला २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला अवघा ७३. दोन्ही जागा एकाच शहरात, अंतर पंचवीस किलोमीटरच्याही आत. भायखळा या दोहोंच्या मध्ये, त्यातही कुलाब्याच्या अंगाला. आमच्या खिडकीतून दुपारपर्यंत तो नेहमीचाच पाऊस वाटत होता. उपनगरांत मात्र दोन-अडीचनंतर त्याने जे रूप धरले त्याने शहर जागच्या जागी थिजवले. त्या रात्री असंख्य मुले शाळेतच झोपली. शिक्षकांनी बाके जोडून दिली, आजूबाजूच्या वस्तीतल्या लोकांनी भात, बिस्किटे, दूध आणून दिले. मुलांच्या आईबापांचा जीव रात्रभर टांगणीला लागला होता, कारण फोन लागत नव्हते. पण शाळेच्या छताखाली असलेली मुले दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी गेली. ज्यांनी वाहनांत बसून किंवा चालत घर गाठायचा प्रयत्न केला त्यांच्यापैकी अनेकांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २९ ऑगस्ट २०१७ ला तर प्रभादेवी भागात डॉ. दीपक अमरापूरकरांसारखे ख्यातनाम डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये गेले. प्रौढ, जाणत्या माणसाला जो रस्ता दिसला नाही तो चौथीतल्या मुलाला दिसेल ही अपेक्षा कशी करायची?

आता कळवण्याच्या साधनांकडे येऊ. आमच्या लहानपणी गिरणगावात वेळ सांगायला भोंगा होता. घड्याळ असो नसो, वाचता येवो न येवो, भोंगा सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू यायचा. गिरण्या गेल्या, भोंगे गेले. नव्वदच्या दशकात शाळेचे कळवणे म्हणजे फाटकावर खडूने लिहिलेला फळा आणि छत्री घेऊन उभा असलेला शिपाई. घरी फोन मोजक्यांच्याच. प्रवेश-अर्जावर शेजारच्यांचा किंवा वाण्याचा नंबर लिहून पुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे टाकलेली असत. वर्तमानपत्र आदल्या रात्री छापलेले, त्याचा उपयोग नाही. आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांत काही आले तर आले. मूल भिजत शाळेपर्यंत जायचे, फळा वाचायचे आणि भिजत परतायचे. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. ती गैरसोयीचीच होती. पण फळा शाळेच्या दारात होता, म्हणजे मूल जिथे येणार तिथेच होता, आणि शिपाई पोराला ओळखत होता. ‘घरी कोण आहे रे?’ एवढे तरी तो विचारायचा.

आज निरोप सेकंदात जातो. महापालिका जाहीर करते, वाहिन्यांवर पट्टी फिरते, शाळा वर्गाच्या ग्रुपवर टाकते. गेला म्हणजे पोचला असे सगळे समजून चालतात. मागे एका पावसाळ्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या शाळेने, नाव सांगत नाही, ‘आज शाळा साडेअकरा वाजता सोडण्यात आली आहे’ असा निरोप बारा वाजून दहा मिनिटांनी पाठवला. वाक्यरचना नीट पाहा: सोडण्यात आली आहे. पोर चाळीस मिनिटे कुठे होती, हे तिच्या आईला त्या निरोपातून काहीच कळत नव्हते. ती मैत्रिणीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, मजेत साबुदाण्याची खिचडी खात बसली होती हे दोन तासांनी उमगले. आईने त्या दोन तासांत जे भोगले ते मी पाहिले आहे. शाळेने नियमाप्रमाणे कळवले होते. कळवल्याची वेळही मोबाइलवर छापलेली होती.

आणि हा निरोप ज्यांना सर्वांत आधी मिळायला हवा त्यांनाच तो उशिरा मिळतो. सकाळी पाचला घर सोडून चार घरची भांडी घासणारी बाई कामाच्या मधे फोन पाहत नाही. कित्येक घरांत स्मार्टफोन एकच, तो नवरा किंवा मोठा मुलगा घेऊन जातो. मार्केटात भाजीच्या गोण्या वाहणारा हमाल, रात्रपाळी करून सकाळी झोपलेला रखवालदार, यांना ‘वर्गाच्या ग्रुपवर टाकले होते’ हे उत्तर देणे ही थट्टा आहे. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. भायखळा-नागपाड्यात एका जिन्यावर यांतल्या तीन-चार सहज ऐकू येतात. आदेश मात्र ‘अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर खबरदारीचा उपाय म्हणून’ अशा थाटाने सुरू होतो आणि मुद्दा चौथ्या ओळीत येतो. अल्पशिक्षित आईला चौथ्या ओळीपर्यंत नेण्याऐवजी ‘उद्या शाळा नाही’ हे तीन शब्द सर्वांत वर का घालत नाहीत, हे कोडे मला शिक्षिका असतानाही सुटले नाही.

त्यात अफवांची भर. गेल्या वर्षीचा आदेश तारीख कापून फिरवला जातो, रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मुंबईचा म्हणून खपतो. २५ जुलै २०२४ ला दिवसभर धो धो पाऊस झाला आणि उद्या सुट्टी आहे की नाही याचा इतका गलबला उडाला की २६ तारखेला शाळा नेहमीप्रमाणे भरतील, असे महापालिकेला मुद्दाम जाहीर करावे लागले. शाळा चालू आहे हेही सांगावे लागते, अशी वेळ आली आहे! मला तर हा पायंडा चांगला वाटतो. लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या प्रत्येक रात्री, सुट्टी असो वा नसो, ठरलेल्या वेळी एक निरोप यावा. ‘उद्या शाळा आहे’ हाही निरोपच आहे. लोक मग त्या वेळेची वाट पाहतील आणि बाकीच्या निरोपांना फारशी किंमत देणार नाहीत.

निरोप कुणाचा, हाही प्रश्न आहेच. मुंबईत आपत्तीच्या वेळी महापालिका आयुक्तांचा शब्द चालतो, इतर जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा. प्राथमिक शाळांवर पालिकेचे शिक्षण खाते, माध्यमिकवर राज्याचे शिक्षण उपसंचालक आणि त्यांच्या हाताखालचे शिक्षण निरीक्षक. शिवाय मंत्री असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री आशिष शेलार यांनी मुंबई, ठाणे आणि कोकणातल्या शाळांची सुट्टी ट्विटरवर जाहीर केली होती. निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण मुख्याध्यापकाला कागद लागतो. खासगी शाळा ‘आम्हाला परिपत्रक आलेले नाही’ म्हणून अडून बसतात आणि पालक दोन्हींच्या मधे लटकतो. अलीकडे पालिकेच्या घोषणेत ‘शासकीय, खासगी आणि महानगरपालिकेच्या सर्व शाळा’ असे स्पष्ट असते, ही त्यातल्या त्यात सुधारणा.

हवामान खात्याच्या इशाऱ्याबद्दल एक गोष्ट पालकांनी समजून घेतली तर पुष्कळ त्रागा वाचेल. त्यांच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, २०४.४ पर्यंत अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. हा दिवसही घड्याळाचा नाही, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा. म्हणजे लाल इशारा खरा ठरला तरी तो पाऊस रात्री अकराला पडू शकतो आणि तुमची मुले दिवसभर उन्हात क्रिकेट खेळू शकतात. सुट्टीच्या दिवशी लख्ख ऊन पडले की आपण वेधशाळेची टिंगल करतो. ती परंपरा जुनी आहे आणि मीही तिच्यात सामील असते. परंतु शाळेला हवा असतो तो तासाचा अंदाज, आणि इशारा मिळतो दिवसाचा. दोन्हींची सांगड घालणे आपले काम आहे.

हाँगकाँगने ती घातली. तेही बेटावरचे, दाटीवाटीचे, समुद्राने वेढलेले शहर. १९९२ च्या मे महिन्यात तिथे ऐन सकाळी, लोक कामाला आणि मुले शाळेला निघालेली असताना असाच पाऊस कोसळला आणि हाहाकार उडाला. त्यानंतर त्यांनी पावसाचे रंगीत इशारे सुरू केले. १९९८ पासून ते पिवळसर, लाल आणि काळा असे तीन आहेत आणि ते तासाच्या पावसावर बेतलेले आहेत: तासाला ३०, ५० आणि ७० मिलिमीटर. लाल किंवा काळा इशारा शाळा भरण्याआधी लागला तर मुलांनी घरीच थांबायचे. शाळा चालू असताना लागला तर वर्ग चालू ठेवायचे, आणि सुटायची वेळ झाली तरी बाहेर जाणे सुरक्षित होईपर्यंत मुलांना सोडायचे नाही. हे तिथल्या पालकांना पाठ असते. इशारा लागला की आईला फोन करावा लागत नाही. मूल कुठे आहे हे तिला रंगावरून कळते. मला हेवा वाटतो तो याचा. अमेरिकेत राहणारी आपली मराठी कुटुंबे बर्फाच्या सुट्टीबद्दल सांगतात, तिथेही पहाटेच फोन येतो आणि पुष्कळदा ‘शाळा दोन तास उशिरा भरेल’ एवढाच निरोप असतो. उशिरा भरणे हा पर्याय आपल्याकडे का नसावा? राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे फर्मान काढले. त्याची कारणे झोपेची होती; पण पावसाळ्यात ते दोन तास निर्णयासाठीही कामी येतील. दोन पाळ्यांच्या इमारतीत हे बसवणे अवघड आहे, हे मान्य.

आता भायखळ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी आमच्या माझगावच्या कोळणी सांगतील आणि मंत्रालयातला बाबू सांगणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरतीची वेळ दुपारी बारा ते दीडच्या सुमारास असते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरत्या याच. साडेचार मीटरच्या वर भरती गेली की शहराचे पाणी आपल्या पायाने समुद्रात जात नाही; ते पंपांनी उपसून टाकावे लागते. आमच्या बाजूला त्यासाठी रे रोडचे ब्रिटानिया केंद्र आहे. आणि शाळांची सकाळची पाळी सुटून दुपारची भरण्याची वेळ कोणती? साडेबारा! दहा-अकराला पाऊस वाढला म्हणून साडेअकराला मुले सोडली, तर आपण त्यांना बरोबर भरतीच्या तोंडावर रस्त्यावर पाठवत असतो. तीच मुले अडीच-तीनपर्यंत वर्गात बसली तर ओहोटी लागलेली असते आणि हिंदमाताचे पाणीही बहुधा उतरू लागलेले असते. भरतीचे वेळापत्रक काही गुपित नाही. मोठ्या भरतीच्या तारखा पालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. ते वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखाली असले पाहिजे, सुट्ट्यांच्या यादीच्या शेजारी.

मुख्याध्यापकांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या जुन्या सहकारी मला भायखळा स्टेशनवर गाठतील. मुले ठेवून घ्यायची म्हणजे जबाबदारी आपल्या अंगावर घ्यायची. शाळा सोडली आणि रस्त्यात काही झाले तर तो अपघात. शाळेत ठेवून कुणी घसरून पडले तर मुख्याध्यापकाची चौकशी. शिवाय शिक्षिकांनाही घर आहे, त्यांचीही मुले कुठल्या तरी शाळेत अडकलेली आहेत, आणि लोकल बंद पडायच्या आत त्यांना निघायचे आहे. शाळेत पाणी किती, शौचालये किती, खायला काय? म्हणूनच ‘सोडू नका’ हे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर टाकून चालणार नाही. तसा लेखी आदेश हवा, आणि आदेशाबरोबर सोय हवी. फार मोठी नव्हे. कोरडा खाऊ: चणे, कुरमुरे, बिस्किटे. पिण्याच्या पाण्याचे जादा पिंप. चालत घरी जाऊ शकतील अशा चार-पाच कर्मचाऱ्यांची नावे आधीच ठरलेली, म्हणजे बदलापूरच्या बाईंना लवकर सोडता येईल. आणि प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटात कागदावर लिहिलेली यादी: मुलाला कुणाच्या ताब्यात द्यायचे, त्यांचा नंबर, दुसरा नंबर, घर किती लांब, घरी दुपारी कोण असते. कागदावर, कारण अशा दिवशी वीजही जाते आणि फोनही. २००५ ने दुसरे काही नाही तरी एवढे शिकवले होते.

पोषण आहाराचीही गोष्ट आहे. पालिका आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते. दुपारच्या सत्राची सुट्टी बाराच्या सुमारास जाहीर होते तेव्हा खिचडी शिजून निघालेली असते. ती वाया जाते. कित्येक मुलांचे त्या दिवसाचे पहिले पोटभर जेवण तेच असते आणि ती मुले उपाशी पोटी बंद घराच्या उंबऱ्यावर बसतात. सुट्टीचा निर्णय दहाच्या आत झाला तर निदान अन्न शिजवायचे की नाही हे कळेल. सकाळच्या पाळीसाठी पहाटे साडेपाच, दुपारच्या पाळीसाठी सकाळी दहा: या दोन वेळा पाळता येण्याजोग्या आहेत. त्या टळल्या तर सुट्टी नाही. ज्यांना येता आले नाही त्यांची गैरहजेरी लावू नका, जी आली त्यांना जेवू घाला, गोष्टी सांगा, पाढे म्हणवून घ्या आणि रस्ता मोकळा होईपर्यंत ठेवा.

मग साडेपाचला आभाळ कोरडे दिसते म्हणून शाळा चालू ठेवली आणि आठला पाऊस कोसळला तर? तर मुले शाळेत आहेत, कोरडी आहेत. आणि साडेपाचला घाबरून सुट्टी दिली आणि ऊन पडले तर? तर एक दिवस बुडाला. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत २०० आणि पुढे आठवीपर्यंत २२० दिवस शाळा भरायला हव्यात. एखाद-दोन शनिवारी तो दिवस भरून निघतो. हंगामात असे दोन कोरडे दिवस मी आनंदाने माफ करीन. चार झाले तर लोक निरोपावर विश्वास ठेवायचे सोडतील, त्यामुळे सरसकट घाबरटपणालाही माझा पाठिंबा नाही.

काही जण म्हणतात, वॉर्डावॉर्डानुसार सुट्टी द्या. कुर्ला बुडाले म्हणून भायखळा बंद कशाला? पर्जन्यमापक यंत्रे आता वॉर्डावॉर्डांत आहेत, आकडे पंधरा-पंधरा मिनिटांनी मिळतात. ऐकायला पटते. पण मुले भायखळ्याची असली तरी बाई कुर्ल्यापलीकडून येतात हे वर सांगितलेच. तेव्हा भरण्याआधीची सुट्टी सबंध शहराला एकच असावी आणि भरल्यानंतर मुले कधी सोडायची, ते मात्र त्या त्या शाळेने आपल्या दारातले पाणी पाहून ठरवावे. फाटकाबाहेर घोट्याएवढे आहे की गुडघ्याएवढे, हे आयुक्तांच्या नियंत्रण कक्षापेक्षा शिपाई चांगले सांगतो. अडचण आलीच तर पालिकेचा १९१६ हा नंबर आहे, आणि अग्निशमन दलाचे मुख्यालय तर आमच्या भायखळ्यातच आहे.

२०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला आणि पहिल्याच दिवशी दक्षिण मुंबईची दाणादाण उडवून गेला. शाळांना उन्हाळी सुट्टी होती म्हणून निभावले. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पालक-शिक्षक संघाची पहिली सभा बहुतेक ठिकाणी जुलैत होते आणि तिथे सहल, गणवेश, फी यांतच वेळ जातो. हजेरीपटातली ती यादी शाळा उघडायच्या दिवशीच तयार हवी, म्हणजे अर्ज एप्रिलच्या निकालाबरोबर घरी गेला पाहिजे. आमच्या इमारतीत आम्ही शाळेची वाट पाहिली नाही. दुपारी घरी असणाऱ्या तीन बिऱ्हाडांची नावे जिन्याखालच्या फळ्यावर लिहिली आहेत, मराठीत आणि उर्दूत. मूल आले आणि घराला कुलूप दिसले की त्यांतल्या कुठल्याही दारावर टकटक करायची. पहिल्या मजल्यावरच्या खालाजानकडे गर्दी जास्त असते, कारण तिथे टीव्ही चालू असतो.